बसऱ्याच्या लढाईला गेलेल्या पूर्वजाचा माग कसा काढायचा

आमच्या केज तालुक्यात ‘थोरले आबा बसऱ्याच्या लढाईला गेले ते आलेच नाहीत’ असं सांगणारी घरं अजून आहेत. बसरा म्हणजे इराकमधलं बंदर, आणि ही लढाई पहिल्या महायुद्धातली. आमचं त्यातलंच. आजोबांचे चुलते ११७ मराठा पलटणीत शिपाई होते. निजामाची रयत, इंग्रजांची पलटण आणि मरण तुर्कांच्या मुलखात. म्हणून अशा माणसाचे कागदही तीन सरकारांच्या दारी विखुरलेले असतात.

सुरुवात घरातल्या पेटीपासून करा. पहिल्या महायुद्धातल्या शिपायाला चांदीचं पदक मिळे. त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत असते. १९१५ संपायच्या आत आघाडीवर पोचलेल्यांना ब्राँझचा ताराही मिळाला. त्याची अक्षरं पाठीवर असतात. आमच्याकडची चांदी बाहत्तरच्या दुष्काळात मोडली. तारा राहिला, कारण त्याला भाव नव्हता, आणि त्या ताऱ्यानंच आम्हाला त्यांचा नंबर दिला. राख-चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात. तिरप्या उन्हात धरून मोबाइलवर फोटो काढा आणि तो मोठा करून वाचा.

माणूस युद्धात मेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं. तिथे ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात मेलेल्यांच्या नोंदी आहेत. जिवंत परतलेल्यांच्या नाहीत. आपल्या लोकांची गाडी इथंच अडते, कारण ते ‘महाराष्ट्र’ शोधतात. तेव्हा आपण हैदराबाद संस्थानात होतो. बीड इंग्रजीत ‘भीर’ किंवा ‘बीर’ असं लिहीत, अंबाजोगाई म्हणजे मोमिनाबाद, आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात. नावाचं स्पेलिंगही कारकुनाच्या कानावर होतं. म्हणून आडनाव टाकत बसू नका. पलटण निवडा, आणि जादा माहितीच्या रकान्यात बापाचं किंवा गावाचं नाव वेगवेगळ्या तऱ्हेनं घालून पाहा.

नोंदीत ‘बसरा मेमोरियल’ (तिकडे मेलेल्या, पण कबर नसलेल्या सैनिकांचं स्मारक) दिसलं तर तिथे भिंतीवर आपल्या माणसाचं नाव असेल असं समजू नका. तिथे भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. याची चीड येते आणि यायलाच हवी. नावं वेगळ्या पुस्तकात आहेत, तीच वेबसाइटवर दिसतात.

आता मृत्यूची तारीख नीट पाहा. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकमधल्या ‘कुत अल अमारा’ या गावात अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. वेढ्यात घोडे कापून खायची वेळ आली तरी आपल्या बहुतेकांनी ते मांस कितीतरी दिवस नाकारलं आणि अंगानं खंगत गेले. तारीख २९ एप्रिलनंतरची असेल तर माणूस बहुधा कैदेत गेला. कैद्यांना वाळवंटातून उत्तरेला चालवत नेलं आणि रास अल ऐनकडे (आताच्या सीरियात) रेल्वेच्या कामाला लावलं. तारीख हाती आली की जुन्या पंचांगावरून तिथी काढून घ्या. आमच्याकडे त्यांचं पान कायम सर्वपित्रीला वाढलं जायचं, आता त्यांच्या तिथीला वाढतात.

युद्धाआधीचं आणि मागे राहिलेल्या घरादाराचं आयुष्य मात्र तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे. सेतवार (जुन्या मोजणीतली जमिनीची नोंदवही) आणि जुने फेरफार मागा. जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर चढली, बायकोचं नाव लागलं की भावांनी वाटून घेतली, हे तिथे कळतं. साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली गणनेतलं असतं. आपल्याकडचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. त्यात ५९० मिळवले की सुरू होतानाचं इसवी साल मिळतं. १३२५ फसली म्हणजे ऑक्टोबर १९१५ ते ऑक्टोबर १९१६. कागद बऱ्याचदा उर्दूत, तेही शिकस्त्यात, म्हणजे घाईच्या जोडअक्षरी वळणात. मराठी-इंग्रजीवर भागणार नाही. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या उर्दू मास्तरांना मानानं बोलवा, शेजारी बसून वाचून घ्या आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा.

१९२२ साली या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत आल्या, ११७ ची पाचवी बटालियन झाली. रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आहे. नंबर हातात असल्याशिवाय तिथे पत्र टाकू नका, नुसत्या नावावर कोणी काही शोधू शकत नाही. पूर्वज निजामाच्या स्वतःच्या लान्सर्समध्ये असेल तर ते घोडदळ इजिप्त-पॅलेस्टाइनला होतं. त्याचा शोध बेळगावला नाही, हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारातून सुरू करा.