महागडा फोन घेताना: ‘दोष’ की ‘नुकसान’, याचा पुरावा पहिल्या दिवसापासून जपा

लाखाचा फोन वीस हजारांच्या फोनपेक्षा पाचपट टिकेल, असं कुठलीही कंपनी लिहून देत नाही. जास्तीचे पैसे कॅमेरा, प्रोसेसर, डिस्प्ले आणि अपडेटचे असतात. फरशीवर आपटला की काच दोघांचीही फुटते, फक्त महागड्याची बदलायला जास्त पैसे जातात. वॉरंटी दोन्हींना साधारण वर्षभराचीच, आणि तीही निर्मितीतल्या दोषापुरती. त्यामुळे पुढचा प्रत्येक वाद एकाच मुद्द्यावर येतो: बिघाड मुळातच होता, की वापरताना झाला?

घेण्याआधी दोन आकडे काढा. पहिला, वॉरंटीबाहेर डिस्प्ले आणि बॅटरी बदलण्याचा खर्च. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो मॉडेलनुसार मिळतो. दुसरा, सुरक्षा अपडेट कधी संपणार. ही मुदत फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. गॅलेक्सी एस24 ला सात वर्षं जाहीर झाली, पण तो जानेवारी 2024 चा. दोन वर्षांनी सवलतीत घेतला तर हाती पाचच उरतात. जुनं मॉडेल स्वस्त मिळतं त्याचं हेही एक कारण.

पाण्याच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते. फोनवर ‘आयपी’ आणि दोन अंक लिहिलेले असतात: पहिला धुळीपासून, दुसरा पाण्यापासून संरक्षण किती ते सांगतो. आयपी67 म्हणजे एक मीटर पाण्यात 30 मिनिटं. आयपी68 ची खोली कंपनी स्वतः ठरवते: अलीकडच्या आयफोनना सहा मीटर, गॅलेक्सी एस मालिकेला दीड मीटर, दोन्ही 30 मिनिटं. ही चाचणी नव्या फोनवर, स्थिर गोड्या पाण्यात होते. मालवणचं खारं पाणी, तरणतलावातलं क्लोरीन, साबण, गरम वाफ यांचा त्यात विचार नसतो. आतलं सील वापराने आणि आपटण्याने सैल होतं, आणि डिस्प्ले बाहेरच्या दुकानात बदलला तर ते पूर्वीसारखं बसेलच असं नाही. आयपी68 फोनमध्येही पाणी गेलं तर बहुतेक कंपन्या वॉरंटी नाकारतात. आत पाणी लागलं की लाल होणारी छोटी पट्टी असते, तंत्रज्ञ ती आधी बघतो. घडीच्या फोनवर आयपीएक्स8 दिसलं तर ‘एक्स’चा अर्थ धुळीसाठी मानांकनच दिलेलं नाही. आयपी48 मधला चार फक्त एक मिलिमीटरहून मोठे कण अडवतो. किनाऱ्यावरची बारीक वाळू सहज आत जाते.

फोन भिजलाच तर बंद करा, पुसा, चार्जिंगचं तोंड खाली धरून तळहातावर हलकेच आपटा आणि हवेशीर जागी ठेवा. किमान अर्धा तास केबल लावू नका. ओलाव्याची सूचना जात नसेल तर पूर्ण सुकायला 24 तासही लागतात. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, भुसा आणि कण पोर्टमध्ये अडकतात.

काचेचंही असंच. कितीही भारी नाव असलं तरी किल्लीने सहसा ओरखडा उठत नाही, वाळूने उठतो, कारण वाळूतलं क्वार्ट्झ त्या काचेपेक्षा कठीण. कडा उंच असलेलं कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास पहिल्याच दिवशी लावा. दुचाकीच्या हँडलला फोन अडकवून रोज फिरणाऱ्यांनी हे जाणून घ्यावं: जास्त ताकदीच्या मोटारसायकलींच्या कंपनांनी कॅमेऱ्याची स्थिरता बिघडू शकते, असं ॲपलनेच 2021 मध्ये जाहीर केलं.

बॅटरी हा झिजणारा भाग आहे. आयफोन 14 पर्यंतच्या मॉडेलना 500 पूर्ण चार्ज-चक्रांनंतर (एकूण 100 टक्के बॅटरी वापरली की एक चक्र) 80 टक्के क्षमता राहावी असं कंपनी सांगते, 15 पासून 1000 चक्रं. आयफोन शून्य ते 35 अंश तापमानात वापरण्यासाठी बनवलेला आहे. विदर्भातल्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर चार्ज करणं म्हणजे बॅटरी स्वतःच्या हाताने म्हातारी करणं. बॅटरी फुगून मागचं पॅनेल उचललेलं दिसलं तर फोन दाबू नका, चार्ज करू नका, तसाच सर्व्हिस सेंटरला न्या.

खरेदीच्या दिवशी सील फोडण्यापासून न थांबवता व्हिडिओ काढा. डब्यावरचा, बिलावरचा आणि *#06# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, जुळवा. KYM लिहून जागा सोडून तो क्रमांक 14422 ला एसएमएस करा; फोन काळ्या यादीत असेल तर कळतं. कंपनीच्या साइटवर वॉरंटी कधी सुरू झाली तेही पाहा, आधीची तारीख असेल तर डबा कुणीतरी आधी उघडला असू शकतो. मग पांढरा, काळा, राखाडी पडदा पूर्ण उघडून रेषा, ठिपके शोधा. कॅमेरे, दोन्ही सिम, स्पीकर, चार्जिंग तपासा. ऑनलाइन घेतला असेल तर बदलून देण्याची मुदत अनेकदा सातच दिवसांची असते.

पक्कं बिल स्वतःच्या नावाने घ्या. व्यवसायाच्या जीएसटी क्रमांकावर घेतलं तर पुढे तुम्ही ‘ग्राहक’ आहात का, यावरच वाद होऊ शकतो. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या फोनची वॉरंटी इथे चालते का, हे आधी विचारा. तिथल्या आयफोन 14 पासून सिमचा ट्रेही नाही, म्हणजे प्लास्टिकचं सिम त्यात बसत नाही.

फोन सर्व्हिस सेंटरला देताना बॅकअप घ्या, सिम काढा, चारी कडांचे फोटो त्यांच्यासमोर काढा. जॉब शीटवर (फोन घेताना ते भरतात त्या नोंदीच्या कागदावर) ‘फिजिकल डॅमेज’ असं खोटंच लिहिलं असेल तर तसा आक्षेप तिथेच नोंदवून मग सही करा. वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा. तोंडी उत्तराचा पुढे काही उपयोग नाही.

दाद मिळाली नाही तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. नंतर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत, ई-जागृती पोर्टलवरून तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागत नाही. बिलावर मुदत नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. गरज पडली तर आयोग फोन प्रयोगशाळेत पाठवतो, त्याची फी आधी तक्रारदाराने भरायची असते. त्यामुळे फोन खरंच पाण्यात पडला होता तर या वाटेला जाऊ नका. उघडल्यावर आतली लाल पट्टी तुमच्याच विरोधात साक्ष देईल.