गॅस कुठला, ते नंतर; आधी खोली बघा

सर्व्हर रूमसाठी गॅस सप्रेशन, म्हणजे गॅस सोडून आग विझवणारी यंत्रणा, बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, 'कुठला गॅस घेऊ?' मी आधी फॉल्स सीलिंगची एक टाइल उचलून वर टॉर्च मारतो. केबल ट्रे भिंतीतून पलीकडे गेलेला असतो आणि त्याच्या भोवतीचं भोक तसंच उघडं असतं. गॅस तिथूनच निघून जाणार. ठरलेल्या प्रमाणात तो साधारण 10 मिनिटं खोलीत टिकायला हवा, नाहीतर विझलेली आग तापलेल्या वायरींवरून पुन्हा पेट घेते.

म्हणून भोकं फायर सीलंटने बुजवा, दार आपोआप बंद करणारा क्लोजर लावा, एसीच्या डक्टला हवेची वाट बंद करणारी झडप, म्हणजे डँपर, बसवा आणि मग डोअर फॅन टेस्ट करून घ्या. दारात पंखा बसवून खोलीतला दाब वाढवतात, कमी करतात आणि गळतीवरून गॅस किती वेळ टिकेल याचा हिशेब काढतात. नवी केबल ओढली की ही टेस्ट पुन्हा करा. भोक पाडणारा ते बुजवून जात नाही, हे मी सगळीकडे पाहतो.

आता गॅस. माणसांची ये-जा असेल तिथे कार्बन डायऑक्साइड नकोच. आग विझवायला तो किमान 34 टक्के लागतो आणि तेवढ्या प्रमाणात माणूस दगावतो. एफएम-200 हा रासायनिक गॅस 10 सेकंदांत सुटतो, 7 ते 9 टक्क्यांत काम करतो, सिलिंडरही कमी लागतात. पण तापमानवाढीला तो मोठा हातभार लावतो, त्यामुळे त्याचा वापर कमी करत आणला जातोय. इनर्जेन या वायूंच्या मिश्रणात 52 टक्के नायट्रोजन, 40 टक्के आर्गॉन आणि 8 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. तो ऑक्सिजन साधारण 12 टक्क्यांवर आणतो. सिलिंडर ठेवायला जागा असेल तर मी हाच सुचवतो. मात्र दाब बाहेर सोडणारा व्हेंट हवाच, नाहीतर भिंतीला तडा जाईल. शिवाय गॅस सुटतानाच्या आवाजाने हार्ड डिस्क बिघडू शकतात, म्हणून सायलेंट नोझल मागून घ्या.

लिथियम बॅटऱ्या शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवा. गॅसने ज्वाळा विझतात, पण सेलच्या आतली उष्णता थांबत नाही.

डिटेक्टरचे दोन झोन ठेवा. एका झोनने नुसता अलार्म वाजावा. दुसऱ्यानेही धूर पकडला की एसी बंद व्हावा, 30 सेकंदांचं काउंटडाउन सुरू व्हावं आणि मगच गॅस सुटावा. अ‍ॅबॉर्टचं, म्हणजे गॅस सुटणं थांबवायचं, बटण आतल्या बाजूला, बाहेर पडायच्या दाराजवळच हवं.

एफएम-200 चे सिलिंडर दर सहा महिन्यांनी तपासा. गॅसचं वजन 5 टक्क्यांहून जास्त किंवा दाब 10 टक्क्यांहून जास्त घटला असेल तर भरून घ्या. दाब बघताना खोलीचं तापमानही लिहून ठेवा, कारण थंडीत काटा उतरलेलाच दिसतो. आणि हे सगळं चालवणाऱ्या कंट्रोल पॅनेलची टेस्ट घ्यायची असेल तर प्रत्येक सिलिंडरवरचा सोलेनॉइड (विजेच्या इशाऱ्यावर सिलिंडर उघडणारा भाग) आधी उतरवा, उतरवलेले मोजा, मगच डिटेक्टरला धूर द्या.