समोरचा बोलला एक, आपण ऐकलं भलतंच: हे कमी कसं करायचं

बाणेरच्या एका सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी सव्वासातला मेसेज पडतो, "बी ४०२, गाडी नीट लावा." बस, एवढंच. ना नमस्कार, ना प्लीज. चारशे दोनमधल्या ताईंचा पारा तिथेच चढतो, सगळ्या सोसायटीसमोर माझ्या फ्लॅटचं नाव घ्यायची काय गरज होती, बाकीच्यांच्या आडव्यातिडव्या गाड्या दिसत नाहीत का यांना. आणि तिकडे सेक्रेटरी काका गेटवर उभे आहेत, पाण्याचा टँकर वळत नाहीये, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, वर म्हणतोय मी चाललो पुढच्या सोसायटीत, आणि काकांनी चष्मा नसताना कसेबसे ते शब्द टाइप केलेत. काकांच्या डोक्यात टँकर, ताईंच्या डोक्यात अपमान, आणि मेसेजमध्ये दोन्हीतलं काहीच नाही.

असा ग्रुप पुण्यात प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे म्हणून हेच उदाहरण घेऊन पुढे जाऊ.

आधी थोडं बेसिक

कम्युनिकेशनचं जे चित्र कॉलेजात शिकवतात, म्हणजे बोलणारा, निरोप, माध्यम, मधला गोंगाट आणि शेवटी ऐकणारा, ते मुळात माणसांच्या बोलण्यासाठी काढलेलंच नव्हतं. बेल लॅब्स या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेतल्या क्लॉड शॅननने १९४८ मध्ये ते मांडलं ते टेलिफोन, तार असल्या यंत्रणांसाठी, आणि निरोपाच्या अर्थाशी इंजिनिअरिंगच्या प्रश्नाला काही देणंघेणं नाही हे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलंय. एका टोकाला टाकलं तेच दुसऱ्या टोकाला निघालं की त्याचं काम झालं. आपलं तिथे होत नाही. वरचा मेसेज अक्षरन् अक्षर पोचला, नेटवर्क फुल होतं, तरी भांडण लागलंच ना.

कारण ऐकणारा नुसतं घेत नाही. समोर आलेल्यातलं थोडंसं निवडतो, ते आधीच्या माहितीशी जुळवतो आणि मग त्याचा अर्थ लावतो. यालाच पर्सेप्शन म्हणतात आणि हे सगळं इतक्या झटक्यात होतं की आपण अर्थ लावलाय हे आपल्याला कळतसुद्धा नाही, वाटतं की समोरचा तसंच म्हणाला. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका लोच्यासाठी आहेत.

पायरी १: कागदावर दोन रकाने करा

खरंच कागद घ्या, मनातल्या मनात केलं तर होत नाही. डाव्या रकान्यात फक्त तेवढंच लिहायचं जे सीसीटीव्हीत किंवा रेकॉर्डिंगमध्ये दिसलं-ऐकू आलं असतं. उजव्या रकान्यात आपल्याला काय वाटलं ते. ताईंचा डावा रकाना एका ओळीत संपतो: सव्वासातला ग्रुपवर मेसेज आला, त्यात हे हे शब्द होते. "मुद्दाम केलं", "सगळ्यांसमोर झापलं", "काकांना भाडेकरू नकोच आहेत", हे सगळं उजवीकडे जातं, आणि बहुतेक वेळा उजवा रकाना पानभर होतो.

घरातलं घ्या. बऱ्याच दिवसांनी फोन केला आणि आई म्हणाली, "आज कशी काय आठवण झाली?" डावीकडे हे वाक्य जसंच्या तसं. "टोमणा मारला" हे उजवीकडे. असेलही टोमणा, नाही म्हणत नाही मी, पण तो अजून उजव्याच रकान्यात राहू दे. आणि "नेहमी", "कधीच", "मुद्दाम" हे शब्द डावीकडे दिसले तर खोडा, कॅमेऱ्याला नेहमी दिसत नाही, त्याला आज सकाळचं दिसतं.

पायरी २: आपल्या नजरेतून काय सुटलं ते बघा

हार्वर्डमध्ये सायमन्स आणि शॅब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एक प्रयोग छापला. लोकांना व्हिडिओ दाखवला, काही पोरं बॉल पास करतायत आणि पांढऱ्या शर्टवाल्यांनी किती पास दिले ते मोजायचं. मध्येच गोरिलाचा ड्रेस घातलेली व्यक्ती चालत येते, छाती बडवते आणि निघून जाते. जवळपास निम्म्या लोकांना गोरिला दिसलाच नाही. डोळे स्क्रीनवरच होते, लक्ष मोजण्यात होतं.

आपण चिडलेलो असतो तेव्हा आपणही मोजतच असतो, फक्त अपमान मोजत असतो, बाकी सगळं सुटतं. आणि स्वतःचं नाव (किंवा फ्लॅट नंबर) तर गर्दीतही टोचतं. लक्ष दुसरीकडे असताना स्वतःचं नाव मात्र काही जणांच्या कानात शिरतंच, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नेव्हिल मोरेच्या १९५९ च्या प्रयोगातच दिसलं होतं.

करायचं काय, तर वर स्क्रोल करा. ताईंनी त्याच ग्रुपवर मागच्या महिन्याचं बघितलं तर दिसेल, "सी १०३, चपलांचं स्टँड आत घ्या", "ए ६०१, गॅलरीतून पाणी पडतंय". प्लीज कोणालाच नाही. म्हणजे काका सगळ्यांशी असेच लिहितात, निदान ताईंना वेगळं काढलेलं नाही.

पायरी ३: लेबल बाजूला ठेवा आणि तीन कारणं शोधा

एकदा माणसाला "खडूस" लेबल लागलं की तो चहा विचारतो त्यातही खडूसपणा सापडतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशने १९४६ मध्ये लोकांना एका माणसाच्या गुणांची यादी वाचून दाखवली, हुशार, कष्टाळू, व्यवहारी वगैरे. एका गटाच्या यादीत "प्रेमळ" होतं, दुसऱ्या गटाच्या यादीत त्या जागी "थंड", बाकी यादी तीच. दोन्ही गटांच्या मनात उभा राहिलेला माणूस बराच वेगळा निघाला. एका शब्दावर!

दुसरी सवय याहून वाईट. आपण सिग्नल तोडला तर ऑफिसला उशीर होत होता, दुसऱ्याने तोडला तर त्याला अक्कल नाही. स्वतःच्या वागण्यामागची परिस्थिती आपल्याला माहीत असते, दुसऱ्याची दिसत नाही म्हणून सगळं त्याच्या स्वभावावर ढकलतो. ली रॉसने १९७७ मध्ये या सवयीला नाव दिलं, फंडामेंटल अ‍ॅट्रिब्युशन एरर. नाव विसरलात तरी चालेल. फक्त समोरच्याच्या वागण्याची तीन कारणं लिहा आणि त्यातलं एक तरी परिस्थितीचं हवं, स्वभावाचं नाही. तिन्ही खोटी निघाली तरी चालतील, काम एवढंच की आपलं पहिलं कारण हेच एकमेव कारण आहे असं वाटणं थांबतं.

पायरी ४: भांडण टाइप करू नका

क्रूगर, एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ईमेलवरच्या उपरोधावर काम छापलं. लिहिणाऱ्यांना पक्कं वाटत होतं की आपली थट्टा समोरच्याला कळणार, आणि वाचणाऱ्यांचा अंदाज मात्र नाणं उडवल्यासारखाच निघाला. आवाजात तेच सांगितलं तर बरंच जास्त कळलं. गंमत अशी की वाचणाऱ्यांनाही आपल्याला बरोबर कळलंय याची खात्रीच होती. लिहिताना आपला सूर आपल्या डोक्यात वाजत असतो, वाचणारा मात्र स्वतःचा सूर लावून वाचतो, आणि तो चिडलेला असेल तर तुमचं साधं "ओके." पण त्याला चिडकंच ऐकू येतं.

म्हणून मामला नाजूक असेल तर फोन, शक्य असेल तर लिफ्टजवळ दोन मिनिटं समोरासमोर. ग्रुपवर उत्तर तर अजिबात नको, तिथे वाचणारे सगळे आपापला अर्थ लावणार आणि दुपारपर्यंत दोन पार्ट्या पडणार.

इथे एक सांगायचंच आहे. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासात हमखास सांगतात की संवादात शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८ आणि देहबोली ५५ टक्के. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियनच्या १९६७ च्या प्रयोगांतून आलेत, पण ते प्रयोग एवढ्यापुरतेच होते की सुटे शब्द, आवाज आणि चेहरा एकमेकांशी जुळत नसतील तर माणूस आवडनावड कशावरून ओळखतो. सगळ्या बोलण्याला तो हिशोब लावता येत नाही. लागला असता तर कुठलीही भाषा न येता नुसतं चेहऱ्याकडे बघून ९३ टक्के कळलं असतं, आणि आरटीओत फॉर्म भरताना कोणाला काही विचारावं लागलं नसतं.

पायरी ५: विचारा, पण आरोप न करता

ही सगळ्यात कामाची पायरी. तीन भाग: मी काय बघितलं, त्याचे दोन अर्थ मला सुचतायत, यातलं बरोबर कुठलं. ताई खाली काकांना भेटल्या असं समजा.

"काका, सकाळचा मेसेज बघितला. मी गाडी रेषेतच लावली होती. कोणाला अडली का, की माझी जागाच चुकतेय?"

"अगं नाही, जागा तुझीच आहे. मागचं टोक बाहेर येतं ना, टँकर वळेना. तुला दोनदा फोन लावला, लागला नाही, मग टाकलं ग्रुपवर."

"फोन सायलेंटवर होता हो. पण काका, पुढच्या वेळी इंटरकॉम करा ना, ग्रुपवर असं नाव आलं की बरं नाही वाटत."

"बरं, करतो. आणि तू जरा पुढे घेत जा."

बघा, ताईंनी स्वतःला वाईट वाटलं ते लपवलं नाही, फक्त ते आधी न बोलता खरं काय झालं ते कळल्यावर बोलल्या. सुरुवातच "तुम्ही असं का लिहिलंत?" अशी केली असती तर काका बचावाला लागले असते, कारण "का" ऐकलं की माणसाला वाटतं आपली उलटतपासणी चाललीये. आणि हे आपल्या रोजच्या भाषेत करा. "मला असं जाणवतंय की" वगैरे एचआर छाप सुरुवात घरात केलीत तर घरचे तोंडावर हसतील.

पायरी ६: बोलणारे आपण असू तेव्हा

स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटनने १९९० च्या आपल्या पीएचडीत काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायला सांगितला आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी ओळखतील. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, समोरच्याला नुसतं टकटक ऐकू येतं.

पुण्यात पत्ता सांगताना हे रोज होतं. "चांदणी चौकात पुलाखालून घे आणि मग विचार कोणालाही." तिथला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, आता तिथे रॅम्पचं जाळं आहे, पण सांगणाऱ्याच्या डोक्यात अजून जुनाच पूल उभा आहे. "अलका टॉकीजच्या चौकात ये" म्हणतो आपण, आणि नव्याने आलेला माणूस बोर्डावरचं नाव शोधत फिरतो, ते लोकमान्य टिळक चौक असतं.

उपाय सोपा आहे, डोक्यातलं गाणं थोडं बाहेर काढा, म्हणजे सूचनेसोबत कारण सांगा. "टँकर वळत नाहीये, बी ४०२ गाडी जरा पुढे घ्याल का, पाच मिनिटांत." टाइप करायला काय, पाच-सात शब्द जास्त.

पायरी ७: ऐकताना उत्तर शिजवू नका

दहा भाषांच्या बोलण्याचा अभ्यास स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये छापला, त्यात एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो असं दिसलं. एवढ्यात वाक्य तयार होत नाही, साधं चित्र बघून वस्तूचं नाव उच्चारायलाही त्याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर शिजायला लागलेलं असतं. ते पूर्ण बंद होत नाही, पण उत्तर देण्याआधी "म्हणजे तुझं म्हणणं असं की..." करून त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगितलं तर शेवटपर्यंत ऐकावंच लागतं. प्रत्येक वाक्याला नको, वैताग येतो. पैसे, तारखा आणि कोणाच्या भावना, या तीन ठिकाणी पुरे.

आणि हे सगळं कुठे वापरायचं नाही तेही सांगतो. समोरच्याला दोनतीनदा नीट सांगून झालंय, त्याला कळलंय हे तुम्हाला माहितीये आणि तरी तो तेच करतोय, तर तिथे गैरसमज उरलेला नाही. त्याच्यासाठी परिस्थितीची कारणं शोधत बसू नका. डावा रकाना तुमच्याकडे आहेच, तारीख-वेळेसकट तोच कमिटीला किंवा ऑफिसात लेखी द्या, आणि पोच घ्या.