भाड्याचं घर घेताना फसवणूक कशी टाळावी: ठाणे आणि नवी मुंबईसाठी

घोडबंदर रोड असो की खारघर, भाड्याच्या फसवणुकीत फ्लॅट बहुतेक वेळा खराच असतो. चावी लागते, नळाला पाणी येतं, वॉचमन ब्रोकरला नावाने हाक मारतो. मात्र तो फ्लॅट भाड्याने द्यायचा हक्क समोरच्या माणसाला आहे का, हे विचारायचं राहून जातं. ते तपासायला एक संध्याकाळ आणि सोसायटीच्या ऑफिसची एक फेरी पुरते.

१. घर दाखवायचे पैसे मागितले की तिथेच थांबा

जाहिरातीतलं भाडं आजूबाजूच्या दरापेक्षा बरंच कमी. मालक म्हणतो, मी लष्करात आहे, बदली झाली आहे, गेटपाससाठी थोडे पैसे भरा, लगेच परत मिळतील. सोबत वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र. हे ओळखपत्र बहुधा दुसऱ्याच कोणाचं चोरलेलं असतं. ‘परताव्यासाठी’ क्यूआर कोड आला तर लक्षात ठेवा, यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

२. इंडेक्स टू मागा आणि स्वतःही शोधा

मालकाने फ्लॅट विकत घेतला तेव्हाच्या कराराचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, मागा. त्यावर दस्त क्रमांक असतो. ठाण्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयांचा क्रमांक ‘टनन’ने सुरू होतो, पनवेलचा ‘पवल’ने. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो. इथे अनेक जण अडतात ते जिल्ह्यापाशी: वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, उलवे रायगडमध्ये. वर्ष टाकायचं ते खरेदीचं, चालू नव्हे. मिळकत क्रमांक म्हणून सर्व्हे किंवा प्लॉट नंबर टाकला की अख्ख्या प्लॉटची यादी येते. त्यातून आपला फ्लॅट शोधत बसावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

मग वीजबिल. ग्राहक क्रमांक घेऊन बिल स्वतः उघडा, ब्रोकरने पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका. ठाणे-नवी मुंबईत बहुतेक ठिकाणी महावितरण आहे, कळवा-मुंब्रा-दिवा भागात टोरंट. इंडेक्स टू, वीजबिल, मालमत्ता कराचं बिल आणि आधार या चारही ठिकाणी नाव जुळलं पाहिजे. जुन्या मालकाचं नाव वीजबिलावर राहून जातं, तेवढं चालतं. इंडेक्स टूवर मात्र सवलत नाही.

मालक परदेशात असेल तर मुखत्यारपत्र बघा. त्यात भाड्याने देण्याचा अधिकार शब्दांत लिहिलेला हवा, आणि पैसे तरीही मालकाच्याच खात्यात.

३. सेक्रेटरीला भेटा, ब्रोकरशिवाय

विचारायच्या गोष्टी चारच. शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) कोणाच्या नावावर आहे? मेंटेनन्स किती थकलंय? बँकेची नोटीस आली आहे का? आणि सर्वात महत्त्वाचं, या फ्लॅटवर सध्या कोणी भाडेकरू म्हणून नोंदलेला आहे का?

घणसोली-कोपरखैरण्याच्या गावठाणांत किंवा दिव्यात अशी सोसायटी बऱ्याचदा नसतेच, आणि इंडेक्स टूही नसतो. भाडं कमी असतं म्हणून लोक राहतात, त्यात गैर काही नाही. पण इमारत अनधिकृत असू शकते; नवी मुंबईतल्या दिघ्यात हायकोर्टाच्या आदेशावरून अशा इमारतींवर हातोडा पडलाच. तिथे एक-दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट देऊ नका आणि त्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांना मालक कोण ते विचारा.

४. हेवी डिपॉझिट

सर्वात मोठी रक्कम बुडते ती इथे. समजा कासारवडवलीतल्या फ्लॅटचं भाडं २४,००० रुपये आहे. एक माणूस तो मालकाकडून रीतसर भाड्याने घेतो. मग तुम्हाला सांगतो, ८ लाख डिपॉझिट द्या, महिन्याचं भाडं शून्य, सोडताना सगळे पैसे परत. तुमच्याच ८ लाखांतून तो मालकाला दर महिन्याला २४,००० देत राहतो, म्हणून मालकाला संशय येत नाही, तुम्हालाही नाही. असे चार-पाच फ्लॅट एकाच वेळी चालवतो. आठ-दहा महिन्यांनी भाडं थांबतं, फोन बंद होतो आणि दारात खरा मालक उभा राहतो. त्याच्या हातात नोंदणी केलेला करार, तुमच्या हातात खोट्या सहीचा नोटरी कागद.

म्हणून त्याच संकेतस्थळावर चालू आणि मागच्या वर्षाच्या शोधातही त्या फ्लॅटवर लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, नोंद दिसते का ते बघा. दिसली, तर मालकाला थेट गाठल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाही दिसली म्हणूनही निश्चिंत होऊ नका. सेक्रेटरीला विचारलेला चौथा प्रश्न त्यासाठीच आहे. मालक खरा असला तरी हेवी डिपॉझिट म्हणजे तारणाशिवाय दिलेलं कर्ज. त्याने गृहकर्ज थकवलं तर बँक फ्लॅट ताब्यात घेते आणि तुमचे ८ लाख मागत फिरायची वेळ येते. आमचं मत विचाराल तर हा व्यवहार नकोच.

५. करार नोंदवा, नोटरीवर भागवू नका

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ‘खर्च फार येतो’ हे कारण ऐकून घेऊ नका. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही मुदतीतलं एकूण भाडं आणि डिपॉझिटच्या वार्षिक १० टक्के यांच्या बेरजेवर. ११ महिने, २५,००० भाडं आणि १ लाख डिपॉझिट असेल तर शुल्क ७०० रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंटची फी वेगळी.

ऑनलाइन नोंदणीत मालकाचा अंगठा आधारशी पडताळला जातो, म्हणून तोतया मालक इथे अडकतो. तो ‘आज सही करू, अंगठा नंतर’ म्हणेल, किंवा नोंदणी टाळायला डिपॉझिट कमी करायलाही तयार होईल. नोंदणी करणारा एजंट तुम्ही निवडा, ब्रोकरचा नको. नोंदवलेली पीडीएफ आली की तिचा दस्त क्रमांक संकेतस्थळावर टाकून खात्री करा. बनावट पीडीएफही फिरतात.

६. पैसे कधी आणि कोणाला

आधी कागद, मग सोसायटी, मग कराराचा मसुदा. त्यानंतर टोकन, फार तर पाच-दहा हजार, आणि ‘व्यवहार न झाल्यास परत’ असा मालकाचा मेसेज. बाकी डिपॉझिट अंगठे झाल्यावर, त्याच दिवशी. आधी १ रुपया पाठवून खात्यावरचं नाव बघा. ते इंडेक्स टूशी जुळलं पाहिजे. ब्रोकर, मेहुणा, ‘माझ्या फर्मचं खातं’, यांपैकी काही नको. रोख तर नकोच. व्यवहार क्रमांक करारात लिहून घ्या.

ब्रोकरची दलाली साधारण एक महिन्याचं भाडं, ती वेगळी द्या आणि पावती घ्या. ब्रोकर महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नंबर दाखवेल, पण ती नोंदणी विक्रीच्या व्यवहारांसाठी असते. भाड्याच्या पैशांची हमी त्यातून मिळत नाही.

७. पैसे गेलेच तर

ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तरच ते गोठवता येतात. बँकेलाही कळवा. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार: चॅट, जाहिरात, व्यवहार क्रमांक, कराराची प्रत. चॅट डिलीट करू नका, समोरच्याला ब्लॉकही करू नका. हेवी डिपॉझिटच्या प्रकरणात त्याच माणसाने फसवलेली इतर कुटुंबं शोधा आणि एकत्र जा. रक्कम मोठी झाली की प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे जाऊ शकतं. खऱ्या मालकाशी भांडू नका. त्याचा नोंदणीकृत करार हाच त्या भामट्याविरुद्ध तुमचा सर्वात भक्कम पुरावा असतो, त्याची प्रत मागून घ्या.