कॅमेऱ्यानंतरची अकरावी

आवाज फुटला, मिसरूड फुटली, की बालकलाकाराचं काम आपोआप आटतं. धड लहान नाही, धड मोठा नाही, असल्या मुलासाठी भूमिका लिहितं कोण? कास्टिंग कोऑर्डिनेटरचे फोन थांबले की घरात 'पुढचा सिनेमा कधी' सुरू होतं. माझं मत विचाराल तर आधी बँकेचं बघा.

2017 च्या बालकामगार नियमांप्रमाणे मानधनातली किमान 20 टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावी लागते. ती अठरा पूर्ण झाल्यावर हातात येते. ठेव कुठल्या शाखेत आहे, पावती कुणाकडे आहे, हे आईबाबांना आत्ताच विचारून ठेवा. अठरा झाले की बँकेत नवी सही, नवं केवायसी, आणि पॅनवर फोटो चढवून घ्यायचा. मानधन अंगच्या कलेचं, म्हणून आयकरात ते मुलाचंच उत्पन्न धरतात. ठेवीवरचं व्याज मात्र अठरा पूर्ण होईपर्यंत पालकांच्या उत्पन्नात मिळवतात. हे कुणी आपणहून सांगत नाही.

अभ्यासाचं सांगायचं तर, पानपानभर संवाद पाठ असतात म्हणून पाठांतरावर विसंबू नका. बीजगणित पाठ होत नाही. सायन्स घ्यायचं असेल तर दहावीनंतरच्या सुट्टीत आठवी-नववीची बालभारतीची पुस्तकं पुन्हा काढा. लाज कसली?

आणि लोक. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ब्युरेटमधून थेंब थेंब सोडतोय, तेवढ्यात मागून 'अरे, तू तोच ना? डायलॉग मार की!' मान वळवली तेवढ्यात फ्लास्कमधलं फिकट गुलाबी गडद होऊन गेलं, रीडिंग गेलं. हसून 'प्रॅक्टिकल झाल्यावर' म्हणायचं आणि खरंच एकदा म्हणून दाखवायचं. दिवाळीपर्यंत सगळे विसरतात. ते विसरणंच जास्त मनाला लागतं, खरं तर. सेटवर एक टेक ओके झाला तरी टाळ्या. इथे युनिट टेस्टला चाळीसपैकी चौदा, आणि कुणाला पत्ताही नाही.

1971 च्या विली वोंकाच्या चित्रपटातला चार्ली, पीटर ऑस्ट्रम, तीन चित्रपटांचा करार नाकारून पुढे गाई-घोड्यांचा डॉक्टर झाला. 'सलाम बॉम्बे'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला शफीक सय्यद बंगळुरूत रिक्षा चालवू लागला. पुरस्कार दोघांपैकी कुणाकडे होता ते बघा, आणि निवड करायची मुभा कुणाला होती तेही.

परत अभिनयाकडे यायचं मनात असलं तरी कॉलेज सोडू नका. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-संस्थेतल्या अभिनयाच्या अभ्यासक्रमालाही पदवी लागते.