कोऱ्या कॅनव्हासची भीती: मनःस्वास्थ्याचं ॲप डिझाइन करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

यूएक्स, म्हणजे ॲप वापरणाऱ्याच्या अनुभवाचं डिझाइन शिकणाऱ्यांच्या पोर्टफोलिओत हल्ली एक प्रोजेक्ट हमखास सापडतो: मानसिक आरोग्याचं ॲप. फिकट जांभळा रंग, डोळे मिटून बसलेली मुलगी, मूड निवडायला पाच इमोजी आणि खाली ‘सलग ७ दिवस!’ची ज्योत. मी पुण्यात एका छोट्या टीमसोबत कॉलेजच्या मुलांसाठी असं ॲप केलं. चित्र, लेखन, थोडंफार आवाजाचं रेकॉर्डिंग, असं त्यात होतं. फिग्मात, म्हणजे पडदे आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये, दिसतो तो या कामाचा सगळ्यात सोपा भाग, हे आधीच सांगून टाकते.

अवघड भाग पहिल्याच पडद्यावर भेटतो. चित्र काढायचं म्हणून आपण पांढरा कॅनव्हास आणि ब्रश देतो. चाचणीत आम्ही दोन नमुने ठेवले होते. एकात कोरा पडदा, दुसऱ्यात ७ ते १ ठिपक्यांची रांगोळी, फक्त ठिपके. कोऱ्या पडद्यासमोर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी बोट काचेवर टेकवायची, उचलायची, परत टेकवायची. शेवटी तिने विचारलं, “ताई, छान काढायचंय का?” ठिपके दिल्यावर तिने एक शब्द न बोलता जोडायला सुरुवात केली. मुलगेही बिनधास्त जोडत होते. (रांगोळी हा शब्द पडद्यावर कुठे टाकलाच नव्हता, तेही बरंच झालं.)

याला संशोधनाचाही थोडा आधार आहे. २००५ मध्ये करी आणि कॅसर यांनी अमेरिकेत ८४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. आधी त्यांच्यात थोडी चिंता निर्माण केली, मग कोणाला मंडल (गोलातली नक्षी) रंगवायला दिलं, कोणाला चौकड्यांची नक्षी, तर कोणाला कोरा कागद. मंडल आणि चौकड्या रंगवणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त उतरली. आधीच घाबरलेल्या माणसाला ‘वाट्टेल ते काढ’ म्हणणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक निर्णय लादणं. म्हणून सुरुवातीला चौकट द्या आणि ती मोडायची मुभा नंतर द्या.

संशोधन वाचताना मात्र हात आखडता ठेवा. गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांचा कला आणि तणावावरचा २०१६चा अभ्यास तुम्हाला प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये भेटेल. ३९ प्रौढ, ४५ मिनिटं कलाकृती, आणि सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये कॉर्टिसोल, म्हणजे तणावाचं हार्मोन, कमी. त्यातले तपशील कोणी सांगत नाही. तिथे हातात खरी माती, कोलाजचे कागद, मार्कर होते आणि खोलीत कला-उपचारक हजर होती. सहा इंची पडद्यावर बसस्टॉपवर चार मिनिटं रेघोट्या मारणं ही वेगळी गोष्ट. तेव्हा स्टोअरवरच्या वर्णनात ‘तणावाचं हार्मोन घटवा’ लिहायचा मोह आवरा. ‘थेरपी’ हा शब्दही टाळा, ते प्रशिक्षित माणसाचं काम आहे. त्याच अभ्यासातली एक गोष्ट मात्र थेट उपयोगी पडते: आधी चित्रकला येत होती की नाही, याने फारसा फरक पडला नाही. म्हणून ‘तुमची चित्रकला कितपत?’ हा प्रश्न आम्ही ऑनबोर्डिंगमधून, म्हणजे ॲपच्या सुरुवातीच्या ओळख-पडद्यांतून काढला. लाइक आणि शेअरची बटणंही काढली. चित्र कोणी बघणार म्हटलं की मूल परीक्षेला बसल्यासारखं काढू लागतं.

आता ती ‘सलग ७ दिवस!’ची ज्योत, म्हणजेच स्ट्रीक. मानसिक आरोग्याच्या ९३ ॲपचा प्रत्यक्ष वापर तपासणारा बाउमेल आणि सहकाऱ्यांचा २०१९चा अभ्यास आहे. त्यात १५ दिवसांनी टिकलेल्यांचं मध्यक प्रमाण ३.९ टक्के, ३० दिवसांनी ३.३ टक्के. हा आकडा मीटिंगमध्ये पडला की कोणीतरी म्हणणारच, “स्ट्रीक टाकूया.” या बाबतीत माझं मत ठाम आहे: टाकू नका. ज्याला सकाळी अंथरुणातून उठायचं बळ नाही, त्याला ‘तुमची २१ दिवसांची साखळी तुटली’ दाखवणं हा निव्वळ दुष्टपणा आहे. दीड महिन्याने परत आलेल्याला आम्ही त्याचं अर्धवट राहिलेलं चित्र जसंच्या तसं उघडून देतो. मध्ये किती दिवस गेले याचा उल्लेखही नाही. आणि बरं वाटलं म्हणून कोणी ॲप काढून टाकलं, तर तक्रार कशाची?

लेखनाचा उपक्रम ठेवणार असाल तर बाहेर पडायची वाट आधी आखा. मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांच्या १९८६च्या प्रयोगापासून मनातलं दुःख लिहून काढण्यावर बरंच काम झालंय. लिहून झाल्यावर लगेच बरं वाटेलच असं नाही, उलट थोडा वेळ जास्त उदास वाटू शकतं, हे त्यातून वारंवार दिसतं. ‘सेव्ह झालं!’ म्हणून रंगीत कागदाचे कपटे उडवण्याची ती जागा नाही. आम्ही तिथे एक संथ, बिनशब्दांचा रंगकामाचा पडदा ठेवला.

त्याहून गंभीर गोष्ट पीएचक्यू-९ची, म्हणजे नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीची. नऊ प्रश्न, फुकट मिळतात, म्हणून नवशिके सर्रास ही प्रश्नावली टाकतात. तिचा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल आहे. त्याला कोणी ‘जवळजवळ रोज’ असं उत्तर दिलं, तर तुमचा पुढचा पडदा कोणता? उत्तर तयार नसेल तर प्रश्नावली टाकूच नका. आमच्या ॲपमध्ये प्रश्नावली नव्हती, तरी प्रत्येक पडद्यावरून एका टॅपवर ‘टेली-मानस’ होतं. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ वर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. नंबर ॲपच्या आतच ठेवा, सर्व्हरवरून आणू नका, कारण नेट नसलं तरी तो दिसला पाहिजे. बटणाने डायलरमध्ये नंबर भरून द्यावा, फोन परस्पर लावू नये. शेवटचं बोट त्या माणसाचंच हवं. हे सगळं समुपदेशकाला सोबत बसवून ठरवा, कामाच्या शेवटी नुसतं ‘दाखवायला’ नको.

गुप्ततेबद्दल नवशिके हॅकरची भीती घालतात. आपल्याकडे खरा प्रश्न घरातल्यांचा असतो. फोन आई बघते, धाकटा भाऊ गेम खेळायला घेतो. चित्र गॅलरीत सेव्ह झालं की ते घरच्या सामायिक फोटोंत जाऊन बसायला वेळ लागत नाही. म्हणून ते ॲपच्या अंतर्गत स्टोरेजमध्ये ठेवायचं, अँड्रॉइडचा आपोआप होणारा बॅकअप बंद करायचा आणि अलीकडच्या ॲपच्या यादीत पडद्याची झलक दिसू द्यायची नाही. ‘आज मन उदास आहे का?’ अशी सूचना गर्दीच्या लोकलमध्ये लॉक पडद्यावर झळकली तर काय होईल, याची कल्पना करून बघा.

कायद्याचंही बघावं लागतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. अकरावीतल्या मुलाला घरच्यांबद्दलच लिहायचं असेल तर? आम्ही लॉगिनच ठेवलं नाही. काहीच सर्व्हरवर आलं नाही की निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. ॲनालिटिक्सची, म्हणजे वापराची नोंद ठेवणारी तयार किट घालतानाही डोळे उघडे ठेवा. ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून अमेरिकेत एफटीसी या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्पला ७८ लाख डॉलर भरायला लावले होते.

देवनागरीचं थोडक्यात. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. अक्षरांमधलं अंतर वाढवलंत की शिरोरेषा तुटते. आणि सगळं स्वस्त फोनवर तपासा. बोट पुढे जातं आणि रेघ मागून फरफटत येते, तेव्हा शांत वाटणं दूरच, चिडचिडच होते.

या क्षेत्रात यायला आयआयटी मुंबईचं आयडीसी किंवा अहमदाबादचं एनआयडी या डिझाइनच्या संस्था उत्तमच, पण ती अट नाही. ठाण्यात १९९० पासून मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या आयपीएच या संस्थेचे मराठी व्हिडिओ ऐका. मनाच्या त्रासाबद्दल साध्या मराठीत कसं बोलतात ते कानावर पडेल, आणि ॲपमधली वाक्यं कृत्रिम होणार नाहीत. पोर्टफोलिओत होम स्क्रीन कमी दाखवा. खंडानंतर परत येणं, नेट नसणं, धोक्याचं उत्तर येणं, हे पडदे दाखवा. मी मुलाखत घेते तेव्हा तेच आधी उघडायला सांगते.

वैयक्तिक खात्यावरून प्ले स्टोअरवर टाकणार असाल तर नव्या खात्यांना आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी (फक्त निवडक लोकांना ॲप देऊन केलेली) करून घ्यावी लागते. आरोग्याशी संबंधित ॲपचा घोषणा-फॉर्म वेगळा भरावा लागतो. वेळापत्रकात हे धरा. आणि त्या बारा जणांत सगळी मित्रमंडळी भरू नका. ती ‘मस्त झालंय’ म्हणून मोकळी होतात.