शेतकऱ्यांसाठी ॲप बनवताय? या चुका टाळा

द्राक्षाच्या फवारणीची नोंद ठेवणारं एखादं ॲप तासगावच्या बागेत नेऊन बघा. 'तारीख निवडा' म्हणत कॅलेंडर उघडतं आणि बागायतदार तिथंच अडतो. त्याचा सगळा हिशेब छाटणीपासून चालतो: आज बेचाळिसावा दिवस, मग कुठलं औषध? छाटणीची तारीख एकदाच विचारून पुढचे दिवस ॲपनंच मोजले, तर निम्मी कटकट संपते.

वापरकर्ताकेंद्री डिझाइन ते हेच. माणूस काम कसं करतो ते आधी बघायचं, स्क्रीन नंतर काढायचा. ही कल्पना जुनी आहे. सुरुवातीपासून वापरणारा आणि त्याचं काम समोर ठेवा, प्रत्यक्ष वापरून घेऊन मोजा, सुधारून पुन्हा तपासा, हे गूल्ड आणि लुईस या संशोधकांनी १९८५ सालीच लिहून ठेवलंय. तरी आपल्याकडे बटणाच्या रंगावर दोन-दोन बैठका होतात आणि बागेत कुणी जात नाही.

पहिली चूक, मालकाला विचारून मोकळं होणं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानासाठी सॉफ्टवेअर घ्यायचं मालक ठरवतो, बिलं मात्र दिवाणजी करतो. सौदे उरकल्यावर पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी, शेतकरी समोर उभे असताना त्याला चार स्क्रीन ओलांडायला लावलेत का, हे मालकाला कसं कळणार? दिवाणजीशेजारी एक सकाळ बसा.

"कसं वाटलं?" असं विचारणं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आपली माणसं भिडस्त. "चांगलंय की साहेब" म्हणतील, चहा पाजतील आणि दुसऱ्या दिवशी ॲप काढून टाकतील. त्यापेक्षा काम सांगा: "कालची फवारणी यात टाकून दाखवा." मग गप्प बसा. हे फार अवघड जातं, बोट चुकीच्या बटणाकडे निघालं की आपल्या तोंडातून "तिथं नाही, वर" निघतंच. ते गिळा. बोट कुठं थबकलं, मागं कधी फिरले, "पोराला बोलावतो" कुठं म्हणाले, तेवढं वहीत लिहा. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नीलसन यांचा सल्ला एका फेरीला पाच जण पुरे असा आहे. दुरुस्ती करून पुढची फेरी घ्यायची. फक्त बागायतदार आणि दिवाणजी एकाच पाचात कोंबू नका, दोघांची कामं वेगळी.

ऑफिसात तपासणं. एसीत छान दिसणारी फिकट राखाडी अक्षरं मार्चच्या उन्हात गायब होतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ : १ असावं, असं वेबच्या सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. बटण साधारण ९ मिलिमीटरचं तरी हवं. औषधानं माखलेल्या बोटांना तेही कमीच पडतं.

जमिनीच्या क्षेत्राचंही तारखेसारखंच. सातबारावर हेक्टर-आर असतं, बोलण्यात एकर-गुंठे. दोन्ही चालू द्या, गुणाकार मशीनला करू द्या.

आणि 'अवैध इनपुट' असला संदेश नको. 'औषधाचं प्रमाण लिहायचं राहिलंय' असं सरळ लिहा.

ॲप आधीच बाजारात गेलं असेल, तर मदतीसाठी येणारे फोन स्क्रीनवार लिहून ठेवा. एकाच स्क्रीनवरून सारखे फोन येत असतील, तर माहितीचा व्हिडिओ करण्यात पैसे घालू नका. तोच स्क्रीन आधी कागदावर नव्याने काढा आणि फोन करणाऱ्यांपैकीच कुणाला तरी दाखवून या.